काळ्या मनुका

शुक्रवारी प्रात्यक्षिक संपलं की मी सांताक्रुझच्या बाजारात उतरतो
आणि वीस रुपयांच्या काळ्या मनुका मागतो.
दुकानदारीण आता कशाला म्हणून विचारत नाही,
तराजूवर मूठ जरा सैल सोडते.

रात्रभर भिजवायला वेळ नसतो.
गरम पाण्यात तासभर,
मग कुस्करून, रुमालातून गाळून.
आई असंच करायची नवगावला.
द्राक्षाची दारू तिकडे कोण विकणार,
आणि विकली असती तरी बाबांच्या पगारात बसली नसती.
आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या
मनुकांच्या पाण्यावरच शब्बाथ पवित्र केला.
मला हे लहानपणापासून ठाऊक होतं,
तरी मी ज्यात बुडालो
ते मनुकांचं पाणी नव्हतं.

बोंडू पिकलेत.
बांबोळीच्या उतारावर बसच्या खिडकीतून हुर्राकचा वास येतो,
गोडसर, आंबूस,
जुन्या ओळखीच्यानं नावानं हाक मारावी तसा.
गेल्या वर्षी याच दिवसांत मी ओ देत होतो,
आणि खोलीत गादीखाली फोन वाजत होता,
एकोणीस वेळा.

आमच्यात गेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत.
मी रोह्याला उतरलो तेव्हा
माती पडून चार तास झाले होते.
काकांनी माझ्या सदऱ्याची कॉलर फाडली, रिवाजाप्रमाणे.
इतक्या जवळून त्यांना तोंडाचा वास आला असणार.
बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरही एकेचाळीस दिवस प्यायलो.
हे सांगायला हवं.

कद्दीश म्हणायला दहाजण लागतात.
अख्ख्या गोव्यात मला एक सापडला,
कोलव्याच्या वाळूत, हैफाचा, भाड्याची मोटारसायकल घेऊन.
तो म्हणाला, देवाचं राहू दे, बीअर घे.

ताळगावला कपेलाच्या मागे एक खोली आहे,
मंगळवारी संध्याकाळी उघडते.
कायतान येतो, त्याची स्वतःची भाटी होती.
पिसुर्लेकर मास्तर येतात, कंडक्टर बेनवेंद येतो.
पहिल्या दिवशी मी विचारलं, किती वर्षं लागतात?
कायतान म्हणाला, "आयचो दीस पुरो."

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे,
एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत जायचं.
मी तिथं बसून गुपचूप ठेवायचो.
कधी सहा, कधी आठ,
उरलेले शब्द तोंडात तसेच.

एका मंगळवारी रायबंदरहून एक बाई आली,
मांडीवर शिवणाची पिशवी घेऊन बसली,
आणि दहावा शब्द खाली ठेवता आला.
कद्दीशची पहिली ओळ जिभेवर आली. मी ती गिळली.
नियम तो नियम,
आईनं कधी त्याला फसवलं नव्हतं.
मी एवढंच म्हणालो,
मी एलाझार. मी बेवडा आहे.
आई गेली तेव्हा मी शुद्धीत नव्हतो.

पंखा फिरत राहिला.
मास्तरांनी चष्मा पुसला.
ती बाई म्हणाली, "आमेन."
तिला काय ठाऊक, तिनं कशाला उत्तर दिलं.

परवा अकरा महिने संपतात.
त्यानंतर मुलानं थांबायचं असतं,
जास्त म्हटलं तर आईच्या पदरी पाप जास्त होतं
असा अर्थ होतो.
मी तर सुरूच केलं नव्हतं.
थांबू कशाचं?

वॉर्डन ज्योत लावू देत नाही,
म्हणून वाटीतली वात टेबलाच्या आडोशाला.
मनुकांचं पाणी आईच्या स्टीलच्या पेल्यात.
पेला काठोकाठ भरावा लागतो,
आणि हल्ली तो सांडत नाही.

शांबा देसाई दाराशी वाट बघतो,
"झाला काय रे तुझा देव?"
मग रुमाल उलगडतो,
पिळलेल्या मनुकांचा चोथा पावात घालून खातो,
निम्मा पाव मला देतो.